चाकामागचा दगड

अर्धे कपडे दोरीवर होते, अर्धे अजून बादलीत, तेवढ्यात धाकट्या सुनेच्या पाठीमागे खडी करकरली. तिने वळून पाहिलं, तर गोठ्यासमोरच्या चढावर लावलेला जुना ट्रॅक्टर आपला आपण मागे येत होता. वर माणूस नाही, इंजिन बंद, आणि स्वारी निघालेली, कुणी जेवायला बोलावल्यासारखी सावकाश. सासूबाई दोरीच्या टोकाला चिमटे घेऊन उभ्या होत्या. धाकटीने त्यांना दंडाला धरून ओढलं. पुढच्याच क्षणी मागच्या चाकाने दोरीचा खांब मोडला, धुतलेल्या चादरी मातीत लोळवल्या आणि उकिरड्यात रुतून ट्रॅक्टर थांबला.

"देवा, राखलंस रे," म्हणत सासूबाई तिथेच मटकन बसल्या.

सासरे धावत आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, मग सुनेकडे.

"काल कुणी लावला होता?"

"मी. पार्कमध्ये टाकून लावला होता, बाबा. बघा ना, दांडा अजून पार्कवरच आहे."

"दांडा पार्कवर आणि ट्रॅक्टर उकिरड्यावर! वा! चावी दे इकडे."

धाकटीने चावी दिली. नवरा परगावच्या कारखान्यात, आठवड्याने येणारा. दुधाचे कॅन, चारा, खताच्या गोण्या, सगळी ने-आण दोन वर्षं तीच करत होती. आता प्रत्येक खेपेला कुणाची तरी मनधरणी करावी लागणार. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की तिचा शब्द खोटा ठरला होता.

धाकटीचं डोकं लहानपणापासून उचापती. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. आठव्या वर्षी हिने घरातलं गजराचं घड्याळ खोललं आणि परत जोडलं, तर एक चाक उरलं. घड्याळ मात्र व्यवस्थित चालायला लागलं. ते चाक कशासाठी होतं, हा प्रश्न तिला अजून सुटलेला नाही.

दुपारी मिस्त्री आला. उकिरड्यातला ट्रॅक्टर चालवत अंगणातल्या सपाट जागेवर आणला आणि खाली न वाकताच निकाल देऊन मोकळा झाला. "गिअरपेटीत दातेरी चाक असतं. पार्क केलं की त्याच्या दातांत खटका अडकतो. तो झिजलाय. पेटी उघडायची म्हणजे आठ दिवस. त्यापेक्षा काका, भंगारात काढा."

"पण मग काल का नाही घसरला? परवा का नाही?" धाकटीने विचारलं.

"ते तुम्ही ट्रॅक्टरलाच विचारा, वहिनी."

ती खरंच विचारायला गेली. चढावर, जिथे मागचं चाक असायचं, तिथे तव्याएवढी ओलसर जागा होती आणि तिच्यातून किडे सैरावैरा पळत होते.

"आई, इथला दगड कुठे गेला?"

"तो होय? सकाळी कपडे वाळत घालायला येता येता मीच हिसकून ताडपत्रीवर ठेवला. वाऱ्याने उडत होती मेली."

धाकटी सासऱ्यांकडे वळली. "बाबा, हा दगड तुम्ही ठेवायचा?"

"रोज. झोपायच्या आधी. वीस वर्षांची सवय आहे."

"म्हणजे पार्क लागतोय की नाही, हे वीस वर्षांत कुणालाच कळलं नसतं! ट्रॅक्टर दगडावर उभा होता."

ती उजेडाला हातातली बॅटरी घेऊन ट्रॅक्टरकडे निघाली तेव्हा सासऱ्यांनी तिला अडवलं नाही. उलट चाकांच्या पुढेमागे चार दगड स्वतः लावले. धाकटी खाली सरपटली आणि तिथून ओरडली, "आई, वर बसून तो दांडा हलवा जरा."

"अगं, जन्मात चढले नाही मी यावर!"

"मग आज चढा."

सासूबाई देवाचं नाव घेत चढल्या आणि दांडा पार्कवर नेला, परत आणला, पुन्हा नेला. तिसऱ्या खेपेपासून त्यांना गंमत वाटायला लागली. खाली धाकटीला दिसत होतं ते असं: दांड्याला जोडलेली सळई चांगली वीतभर सरकत होती, पण तिच्या टोकाला, पेटीच्या बाहेर असलेली लोखंडी पट्टी जेमतेम हलत होती. दोन्हींना जोडणारी पिन झिजून बारीक झाली होती आणि तिचं भोक जुन्या काजासारखं लांबट. अर्धी चाल त्या ढिल्या भोकातच जिरत होती.

तिने पिन काढली आणि पट्टी हाताने रेटली. ती आणखी बोटभर पुढे गेली. पट्टी तारेने तिथेच बांधून ती बाहेर आली. मगच दगड काढायला सांगितले.

"आता ढकला."

मिस्त्री आणि सासऱ्यांनी जोर लावला. ट्रॅक्टर तसूभर सरकला, आतून खट्ट आवाज आला आणि तो जो अडकला तो अडकलाच.

"खटका धडधाकट आहे," धाकटी म्हणाली. "त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नव्हता."

मिस्त्रीने कान खाजवला. "आता बघतो मी वाकून," म्हणाला, आणि खरंच वाकला.

दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडून भोकात बुश, म्हणजे घट्ट बसणारी नळी, बसवून आणि नवी पिन घेऊन मिस्त्रीच आला. सळईच्या टोकाचे आटे दोन फेरे फिरवून त्याने लांबी जुळवली. सासऱ्यांनी ट्रॅक्टर चढावर नेला, पार्क केला आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. ट्रॅक्टर जरासा मागे टेकला आणि थांबला. सासूबाईंचे हात तोवर जोडलेलेच होते.

सासरे उतरले, चाकामागे दगड सरकवला आणि चावी सुनेपुढे धरली.

"दांडा पार्कवरच होता तुझा," ते म्हणाले. "पण दगड ठेवायचा."

"ठेवीन. आधी पार्क लागलाय ते बघायचं, मग दगड."

परत धुतलेल्या चादरी खिडक्यांच्या गजांवर वाळत होत्या. धाकटीने दगड बाजूला केला आणि दोरीच्या खांबासाठी लोखंडी पाइप आणायला ती ट्रॅक्टर घेऊन निघाली.