रीना नरोटेनं लिहिलेली गाडी

मला राग लवकर येतो. चौतीस वर्षं मराठी शिकवली, त्यात पोरांच्या वह्या भिरकावल्या, तीन मुख्याध्यापकांशी भांडलो. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खायला लागलो तेव्हा तिनंच मला रीनाच्या ऑफिसात पाठवलं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या वर लोखंडी जिना चढून गेलं की तिची खोली. जिन्याशी पाटी, ‘निविदा व प्रस्ताव लेखन’. माझं काम एवढंच, की तिनं लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यातला कागद माझ्या हाताखालून गेलेला आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर दुसऱ्यांना शिव्या देताना मी स्वतः नामानिराळा राहीन.

धंदा काय, असं लोक विचारतात. सरकारी काम पाहिजे असलेल्या कंपन्या टेंडर भरतात. नुसता दर भरून भागत नाही. काम कसं करणार, कोण करणार, हे लिहून द्यावं लागतं आणि त्याला मार्क असतात. कंपन्यांकडे गाड्या असतात, माणसं असतात, नागपुरात काचेचं ऑफिस असतं, पण चार धड वाक्यं लिहिता येत नाहीत. ती रीना लिहून देते. आणि तिनं लिहिलेलं जिंकतं.

ती हिरगाटोल्याची. गडचिरोलीच्या जंगलात, दोन नाले ओलांडून. वडील लालसू, आई सोमारी. थोडी धानाची बांधी, बाकी मोहफूल आणि तेंदूपत्ता. आश्रमशाळेत शिकली, ब्रह्मपुरीला वसतिगृहात राहून बीकॉम झाली आणि एका कंत्राटदाराकडे टायपिंगला लागली. त्याची टेंडरं एकामागून एक बाद व्हायची. एकदा शपथपत्र राहिलं, एकदा बाराव्या पानावर सही नव्हती. तिनं दाखवून दिलं तर म्हणाला, “तुले काय समजते त्याच्यातलं?” पुन्हा बाद झाला तेव्हा गठ्ठा तिच्यापुढे टाकला. तिनं लिहिलं, त्याला काम मिळालं. मग तो तिला चारचौघांत ‘आपली पोरगी’ म्हणायला लागला, पण खुर्ची मात्र दाराजवळची तीच, पंखा नसलेली. दोन वर्षांनी तिनं चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःची खोली घेतली.

तिच्या लिहिण्यात एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडे नव्हती. प्रत्येक प्रस्तावात ती ‘पावसाळा’ नावाचं एक प्रकरण घालायची. बाहेरचे लोक लिहितात, चोवीस तास अखंड सेवा. अहो, जुलैमध्ये तिकडे रस्ताच अखंड नसतो! रीना लिहायची, की अमक्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, पहिल्या मोठ्या पावसात बुडतो, तमकी सात गावं तुटतात, तेव्हा सामान जूनच्या पहिल्या आठवड्यात पलीकडे नेऊन ठेवू. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती त्या सातांतल्या एका गावात वाढली होती. तपासणारे साहेब ते पान वाचून सरळ बसायचे, असं एकानं मला स्वतः सांगितलंय.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका कंपनीचा मॅनेजर पवन आमच्याकडे आला. फिरत्या दवाखान्याच्या गाड्यांचं टेंडर निघालं होतं. रीनानं नेहमीप्रमाणे विचारलं, “पवनभाऊ, पावसाळ्यात काय करान?”

“तुम्हीच लिहा न ताई. मार्क भेटले पाहिजे बस.”

तिनं लिहिलं. पान सत्त्याऐंशी. दहा जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक गाडी, एक नर्स आणि औषधं नाल्यापलीकडे हिरगाटोल्यातच मुक्कामाला राहतील. औषधांची यादी खाली होती आणि पहिल्या ओळीत सर्पदंशाची लस. मी त्या पानावर एकही खूण केली नाही. इतकं स्वच्छ मराठी मी शाळेतसुद्धा कोणाच्या वहीत पाहिलं नव्हतं, आणि मी मूर्खासारखा त्या भाषेवरच खूश होतो.

नियमानं प्रत्येक पानावर कंपनीची सही आणि शिक्का लागतो, आणि जिंकलेला प्रस्ताव करारनाम्याचा भाग होतो. पवन आमच्याच खोलीत सह्या करत बसला. एक माणूस पानं उलटतोय, दुसरा शिक्का मारतोय, आणि हे महाशय कानाला फोन लावून कोणाच्या तरी लग्नाच्या हॉलचं ठरवतायत. रीना सत्त्याऐंशीव्या पानावर हात ठेवून म्हणाली, “हे तेवढं वाचून घ्या.” त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला. “भरोसा हाये ताई तुमच्यावर.” आणि सही केली.

काम त्यांनाच मिळालं. पावसाळ्याच्या प्रकरणाला पैकीच्या पैकी मार्क.

मे महिन्यात रीना गावी गेली तेव्हा तिनं आईला ते पान वाचून दाखवलं, गोंडीत सांगितलं. सोमारीबाईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं अख्ख्या टोल्यात सांगितलं, की या साली गाडी इथी राहणार हाये, आमच्या रीनानं लिवलं हाये. जूनमध्ये कंपनीचा माणूस येऊन शाळेच्या भिंतीवर फोन नंबर चिकटवून गेला. गाडी आली नाही. ती नाल्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलासमोर उभी राहायची. रोज एक फोटो निघायचा, वर जायचा, आणि वरचे तो पाहून समाधानी व्हायचे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, रीनाचा चुलतभाऊ कोलू बांधीत रोवणी करत असताना त्याला साप चावला.

आता नीट ऐका, कारण माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. दर साली असं काही झालं की हिरगाटोल्याचे लोक एक क्षण थांबत नाहीत. खाट उलटी करतात, बांबू बांधतात आणि टेकडीवरच्या लांबच्या वाटेनं चौदा किलोमीटरवरच्या पुलापर्यंत, जिथून दवाखान्याचा रस्ता लागतो, पळत सुटतात. त्यांच्या बापजाद्यांनी हेच केलं. या साली ते थांबले. गावातला बुधू टेकडीवर चढला, तिथे फोनला रेंज येते, आणि भिंतीवरच्या नंबरावर त्यानं फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “निघाली हाये गाडी, थांबा.” तासाभरानं पुन्हा लावला. “निघाली हाये.” काही लोकांनी खाट आणली होती. सोमारीबाई त्यांना म्हणाली, “जरा थांबा. येईन गाडी. रीनानं लिवलं हाये.”

अकरा वाजता त्यांनी खाट उचलली. कोलू टेकडीच्या उतारावरच गेला. बत्तीस वर्षांचा होता.

निरोप आला तशी रीना निघाली, तिच्याबरोबर मीही गेलो. गुडघे नाही म्हणत होते, पण घरी बसलो असतो तर कोणाचा तरी जीव घेतला असता. बस, मग जीप, मग ती टेकडी. सोमारीबाई दारात बसली होती. रडत नव्हती. लेकीकडे बघून तिनं एवढंच म्हटलं, “आमी थांबलो ना बाई.”

रीना पिशवीतून सत्त्याऐंशीव्या पानाची झेरॉक्स काढून ती बघत बसली. मी म्हणालो, “तक्रार करू. कलेक्टरकडे जाऊ. पेपरात देऊ.” ती म्हणाली, “करू न गुरुजी. पण आधी गावापुढं उभी राहतो.”

तिसऱ्या दिवशी ग्रामसभा बसली. तिनं पान मराठीत वाचलं, गोंडीत सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. शेवटी चैतूभाऊ बोलले. सगळ्यांत वडीलधारे, डोळ्यांनी जवळजवळ अधू.

“हे कोनं लिवलं?”

“मी.”

“कंपनीवाल्यानं वाचलं होतं?”

“नाई.”

“मंग हा शबूद त्याचा नाई. तुहा हाये.”

त्या गावची एक रीत आहे. बाहेरच्या माणसाचा शब्द ज्यानं गावात आणला, तो शब्द पुरा होईपर्यंत त्यानं गाव सोडायचं नाही. बैलांच्या सौद्यात, सोयरिकीत, सगळीकडे तेच. गावानं रीनाला तेच सांगितलं. गाडी येईपर्यंत इथेच राहायचं.

मी उठलो. तिथे बोलायचा मला काही हक्क नव्हता, तरी बोललो. म्हटलं, अरे गुन्हा कोणाचा, शिक्षा कोणाला! ज्यांनी माणूस मारला ते नागपुरात एसीत बसलेत आणि तुम्ही तुमच्याच पोरीला डांबून ठेवता? रीनानं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. “बरोबर बोलून राह्यले ते,” ती म्हणाली. “कंपनीले इथी कोन ओळखते गुरुजी? मले ओळखतेत.” तेव्हा मला तिचाही राग आला. आता येत नाही.

मी एकटा परत आलो आणि तिनं सांगितल्याप्रमाणे ऑफिसला कुलूप लावलं. तक्रारीचे तीन अर्ज तिनं तिथेच हातानं लिहून दिले होते, ते पोहोचते केले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. चौकशी करू म्हणाले.

पण दुसरीकडे गंमत सुरू झाली. त्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला एक मोठं टेंडर बंद होणार होतं, आणि ते पवनच्याच कंपनीला हवं होतं. कुलूप लावल्यापासून आठव्या दिवशी तो जिन्यावरून धापा टाकत वर आला. मी कुलपासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

“गुरुजी, ताईचा फोन लागून नाई राह्यला.”

“लागणारच नाही. तिकडे रेंज नसते. पान सत्त्याऐंशीवर लिहिलंय.”

त्याला मी सगळं सांगितलं. कोलूचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या तक्रारीवरून नोटीस आली होती म्हणे, ऑफिसात कोणीतरी पाहिली असेल. आणि मग हा माणूस काय म्हणाला माहीत आहे? “त्या नोटिशीचा खुलासा पण ताईकडूनच लिहून घेऊ. त्यांच्यासारखं कोणी लिहित नाई.” मी पेपराची घडी घातली आणि त्याला, माझ्या उभ्या आयुष्यात कोणत्याही पोराला दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या. झेरॉक्सवाला वर धावत आला. पवन मान खाली घालून ऐकत राहिला, ते शरमेनं नव्हे. त्याला अठ्ठावीस तारीख दिसत होती.

“उद्याच गाडी पाठवतो पलीकडे,” तो म्हणाला. “आता तर झालं?”

उद्या नाही, तीन दिवसांनी. पाऊस उघडला, नाला उतरला आणि ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत पलीकडे नेली. पवन स्वतः आला होता, बूट हातात घेऊन. मीही गाडीत बसलो. सगळं गाव शाळेपुढे जमलं. पांढरी धुतलेली गाडी, दोन्ही बाजूंनी हसणाऱ्या बाईचं चित्र. पवननं आधी फोटो काढून घेतले. मग रीनाला म्हणाला, “चला ताई. आली गाडी. आता चार दिवस उरले आपल्याकडे, रस्त्यातच सुरू करू.”

रीना त्याला वळसा घालून नर्सजवळ गेली. नर्स विशीतली, नवीनच लागलेली, भेदरलेली होती.

“साप चावल्याची सुई दाखवा बरं.”

नर्सनं पवनकडे पाहिलं. पवननं ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. तापाच्या गोळ्या होत्या, मलम, पट्ट्या, वजनकाटा. एक खोकं नुसतं माहितीपत्रकांचं.

“ती थंड्यात ठेवावी लागते,” नर्स हळूच म्हणाली. “फ्रीज दिला नाई गाडीत.”

कोलूची बायको गिरजाबाई पुढेच उभी होती. तिनं गाडीत डोकावून पाहिलं आणि मागे सरकली.

“येईल न ते पण,” पवन म्हणाला. “हप्त्याभरात देतो पाठवून. मी लिहून देतो पाहिजे तर.”

रीना शाळेच्या पायरीवर जाऊन आईशेजारी बसली. चैतूभाऊंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, “आली का वं गाडी?”

“नाई आली,” रीना म्हणाली.