पडेगावच्या माळावरचं प्रवचन

वडील आयुष्यभर चर्चचे पाळक होते. म्हातारपणी त्यांना माझं नावही आठवेनासं झालं. एका सकाळी ते कुणाला न सांगता घरातून निघून गेले. शोधत शोधत मी पडेगावच्या माळावर पोचले. धुक्यात मेंढरं चरत होती, आणि वडील एका धनगराशेजारी बसून त्याला बायबलमधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते.

धनगरानं विचारलं, "मंग घावलं का आजोबा ते मेंढरू?"

"घावलं की," वडील हसले. "मेंढपाळानं खांद्यावर घेतलं. लई ऊब होती बघ त्या खांद्याला."

मी पुढे झाले. धुकं विरेपर्यंत त्यांच्याजवळ गवतात बसून राहिले. मग त्यांनी आपणहून माझा हात धरला, आणि आम्ही सावकाश घरी निघालो.