दाराचं तोंड उगवतीला

व्हर्ना पॅस्कोला सवत होती. सवत सहा फूट उंच, दाढीवाली, आणि तिचं नाव हॉरी टॉन्किन. बाई असती तर व्हर्नाने एव्हाना तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण हॉरीच्या डोक्यावर उपटण्याजोगं काही शिल्लकच नव्हतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बोल्डर गावात ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती. नवरा दुसऱ्या बाईकडे गेला तर शेजारणी केक घेऊन बसायला येतात. नवरा मित्राबरोबर सोनं शोधायला रानात गेला तर म्हणतात, "चला, घर तुला मोकळं मिळालं!" व्हर्नाला घर मोकळं नको होतं. शाळेच्या कँटीनमध्ये दिवसभर पोरांना मीट-पाई आणि सॉसेज रोल वाढून ती घरी यायची, आणि अंगणात नवऱ्याच्या ट्रेलरची जागा रिकामी दिसायची. तेलाच्या डागांचा एक लांबट चौकोन तेवढा तिथे राहिलेला असायचा.

ट्रेलर तिच्या नवऱ्याने, डेसने, आणि हॉरीने मिळून बांधलेला. डेस नगरपालिकेचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवायचा, हॉरी खाणीतले पंप दुरुस्त करायचा. घोडे वाहायच्या एका मोडक्या गाडीचा सांगाडा, त्याखाली ट्रकचे पाटे, वर पत्र्याची पेटी. आत समोरासमोर दोन अरुंद बाकं झोपायला, आणि मागची फळी खाली पाडली की स्वयंपाकघर. व्हर्नाने त्या वेळी पडदे शिवून दिले होते. हॉरी म्हणाला होता, "छान आहेत, पण धूळ धरतील." पडदे अजून व्हर्नाच्या कपाटात होते. घडी मोडलेली नव्हती.

आमच्याकडे उन्हाळा ओसरला की निम्मं गाव सोनं हुडकायचे डिटेक्टर घेऊन रानात पांगतं. डेस आणि हॉरी वीसेक हिवाळे असे जोडीने गेले. परत आले की बोलताना सगळ्या जागांची नावं. रिवाजच तसा आहे: नव्या जागी पहिला तुकडा ज्याला सापडेल त्याने त्या जागेला नाव द्यायचं, आणि मग ते नाव कायमचं. जेवता जेवता सापडलं ती जागा 'हॉरीचा डबा'. पाय घसरून पडला तिथे सापडलं, तर 'हॉरीचं कोपर'. एक 'डेसचा बूट' होता, एक 'हॉरीची शिंक'. एवढं मोठं रान, आणि त्यात व्हर्नाच्या नावाचं एक झुडूपसुद्धा नव्हतं.

यंदा मात्र हॉरीचा गुडघा बदलला. पर्थच्या डॉक्टरांनी बजावलं, या मोसमात रान बंद. डेस दोन दिवस आजारी कुत्र्यासारखा ट्रेलरभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "तू येतेस का? नाहीतर एक बाक रिकामंच जाणार."

आमंत्रण म्हणून हे काही फार गोड नव्हतं. पण व्हर्नाने त्याच दुपारी कँटीनमधून रजा घेतली.

लिओनोरा गावाच्या पुढे डांबर संपलं. डेसने खाली उतरून चाकांची हवा कमी केली आणि गाडी लाल मातीत घातली. मागे ट्रेलर कधी डावीकडे कलंडे, कधी उजवीकडे. कोरड्या ओढ्यात उतरला की सगळी भांडी एकदम बोलायला लागत. मग मेंढ्यांच्या कुरणांची फाटकं सुरू झाली. फाटक उघडायचं काम शेजारी बसणाऱ्याचं.

"हॉरी गाडी थांबायच्या आत उडी मारतो," डेस म्हणाला.

"म्हणूनच गुडघा गेला त्याचा," व्हर्ना म्हणाली आणि सावकाश उतरली. साखळीची कडी लागेना तेव्हा तिने फाटकाला हॉरीच्या नावाने एक लाथ घातली.

मुक्कामाची जागा ठरलेली होती. एक जुनं मुल्गा बाभळीचं झाड, दगडांची काळी पडलेली चूल, पांढऱ्या गारगोट्यांचा उतार. पहिल्या वर्षी दोघे तिथे अंधार पडता पडता पोचले आणि थांबले. तेव्हापासून दर वर्षी त्याच चाकोरीत ट्रेलर मागे घ्यायचा. दार मावळतीला, कारण सकाळचा वारा पूर्वेकडून येतो आणि कातडं सोलून काढतो. दाराच्या डाव्या हाताला हॉरीची खुर्ची.

आत हॉरीच हॉरी भरलेला होता. चमचे हॉरीच्या क्रमाने. किटली हॉरीच्या खिळ्याला. झोपायच्या गादीला हॉरीच्या अंगाचा खड्डा पडलेला. व्हर्ना पाठीवर झोपली की हॉरीच्या कुशीत झोपल्यासारखं वाटायचं, आणि कुशीवर वळली की हॉरी तिला पुन्हा मध्ये ओढून घ्यायचा. सकाळी तिने निळ्या मगमध्ये चहा ओतला.

"तो हॉरीचा," डेस म्हणाला.

"हॉरी पर्थला आहे."

"हो, पण मग त्याचाच ना."

व्हर्नाने तो सगळा चहा उभ्यानेच संपवला, डेसच्या डोळ्यात डोळे घालून.

दिवसा डेस तिला यंत्र कसं फिरवायचं ते शिकवायचा. तबकडी जमिनीलगत, हात सावकाश, कमरेला बांधलेली साखळी मागून ओढत न्यायची म्हणजे कुठली पट्टी झाली ते मातीत दिसतं. "हॉरीची रेघ बघायला हवी होतीस," तो म्हणायचा, "फुटपट्टी लावून आखल्यासारखी." व्हर्नाची रेघ दारू प्यायलेल्या सापासारखी यायची. सापडायची ती बंदुकीच्या गोळ्यांची टरफलं.

पण खरी कठीण वेळ संध्याकाळची. मटण परतून झालं, मग डेस सॅटेलाइट फोन घेऊन खुर्चीत बसायचा आणि हॉरीला लावायचा. घरी महिन्याकाठी जेवढं बोलत नसे तेवढं एका बैठकीत बोलायचा. हसायचा तर असा, की व्हर्नाला लग्नाआधीचा एक पोरगा आठवायचा, बोल्डरच्या जत्रेत तिच्यासाठी बाहुली जिंकणारा.

चौथ्या संध्याकाळी ती भांडी घासत होती. डेसला वाटलं पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही.

"नाही रे दोस्ता. करते, करते ती बिचारी. पण तुझ्याशिवाय ट्रेलर सुना वाटतो."

व्हर्नाच्या हातातला तवा तसाच राहिला. 'बिचारी' तिने सोडून दिलं असतं. पण सुना? ती त्या ट्रेलरमध्ये श्वास घेत होती, घोरत होती, मटण परतत होती, तरी सुना?

सकाळी ती म्हणाली, "ट्रेलर वळव."

"काय?"

"दार उगवतीला हवं मला. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं, इथेही आलं पाहिजे."

"अगं म्हातारे, वारा पूर्वेचा आहे. हॉरीने सगळा विचार करून..."

"डेस, ट्रेलर वळेल, नाहीतर गाडी वळेल. गाडी वळली तर बोल्डरला जाईल."

डेसने बायकोकडे पाहिलं. तीस वर्षं ग्रेडर चालवलेल्या माणसाला समोरचा दगड हलणारा की न हलणारा हे कळतं. त्याने मुकाट्याने पाचरी काढल्या. दोघांनी ढकलत, शिव्या देत, एकदा डेसच्या पायावरून चाक नेत ट्रेलर झाडाच्या पलीकडे पार लांब नेला आणि फिरवला. दार उगवतीला झालं. त्याच क्षणी वारा आत शिरला आणि चुलीतली सगळी राख पिठाच्या डब्यावर पसरली.

"छान ऊन आहे," व्हर्ना डोळे चोळत म्हणाली.

डेस 'हॉरीच्या कोपरा'कडे निघाला. जाता जाता पाहतो तर ती डिटेक्टर घेऊन जुन्या मुक्कामाच्या जागी उभी.

"तिथे काय मिळणार? वीस वर्षांचं आमचं उष्टंखरकटं आहे तिथे. आणि ते पण फारसं नाही. हॉरी मागे काडीसुद्धा टाकत नाही."

नेमकं तेच व्हर्नाला बघायचं होतं. बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन ती पुरावा गोळा करायला बसली. ट्रेलर तिथे असेपर्यंत ते जमलंच नसतं; एवढ्या लोखंडाशेजारी यंत्र नुसतं बोंबलतं. आता जमीन गप्प होती, आणि गप्प जमिनीत हॉरी बोलायला लागला. बियरचं झाकण. आणखी एक झाकण. तंबूची खुंटी. मग एक चमचा, जो कोल्ह्याने पळवला असं हॉरीने शपथेवर सांगितलं होतं. व्हर्नाला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. डब्यात प्रत्येक झाकण टण्णकन पडलं की ती मनात म्हणे, "घे, काडीसुद्धा टाकत नाही!"

हॉरीच्या खुर्चीच्या पायांनी पाडलेले चार खळगे होते, त्यांच्या मधोमध यंत्र हलकेच कण्हलं. झाकणासारखं टणटणीत नाही, लांबून कोणी हाक मारल्यासारखं. "काय पुरलंयस रे इथे?" म्हणत तिने कुदळ घातली. हातभर खाली गेली. मातीचं ढेकूळ तबकडीवर धरलं, चुरगळलं, आणि बोटांत उरलं ते मेंढीच्या दाढेएवढं, ओबडधोबड, पिवळं.

ती तिथेच, त्या चार खळग्यांमध्ये, बसली. पहिला विचार आला तो सोन्याचा नव्हे. पहिला विचार आला: यातलं निम्मं हॉरीचं. ट्रेलरच्या खेपेत जे सापडेल ते निम्मं-निम्मं, कोण आजारी, कोण घरी, याला किंमत नाही, हा त्या दोघांचा जुना करार. म्हणजे हे तिच्या हाताने निघालं तरी हॉरी गादीवर पडल्या पडल्या वाटेकरी! तिने तो तुकडा ॲप्रनच्या खिशात घातला, वरून रुमाल कोंबला, आणि डेस रिकाम्या हाताने परतला तेव्हा त्याला डब्यातलं कॉर्न्ड बीफ वाढलं. जेवणभर खिसा मांडीवर जड लागत होता. न सांगावं तर कोणाला कळलं नसतं. पण न सांगितलेल्या जागेला नाव कसलं?

डेसने फोन लावला, हसायला सुरुवात केली. व्हर्नाने हात पुढे केला. "दे इकडे."

"कशाला?"

"तब्येत विचारते."

फोनमध्ये हॉरीचा घोगरा आवाज आला. "काय व्हर्ना! किटली खिळ्यालाच टांगतेस ना?"

"टांगते. हॉरी, एक सांग, तुझी खुर्ची कुठे असते रे?"

"दाराच्या डाव्या हाताला. संध्याकाळचं ऊन पायावर येतं. अख्ख्या रानात तशी जागा नाही."

"दर वर्षी तिथेच?"

"दर वर्षी. चारी पायांचे खळगे पडलेत, बघ हवं तर."

"बघितले. त्यांच्या मध्ये खणलंसुद्धा. हातभर." तिने तुकडा काढून डेसच्या ताटाशेजारी ठेवला. "मेंढीच्या दाढेएवढं आहे, हॉरी."

डेसचा काटा हातातच राहिला.

"तिथे तर ट्रेलर असतो," हॉरी म्हणाला.

"मी वळवला."

"वळवला? दार कुठे केलंस?"

"उगवतीला."

"वाऱ्यात?"

"वाऱ्यातच."

फोनमधून अगदी बारीक आवाज आला, "मी वीस वर्षं त्याच्यावर बसलो होतो?"

"पाय पसरून," व्हर्ना म्हणाली. "आणि तुझा चमचा पण सापडला. कोल्ह्याने परत केला."

डेस खो खो हसायला लागला. अगदी तसंच, जत्रेतल्यासारखं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि हसता हसता त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "निम्मं त्याचं हं, म्हातारे," तो डोळे पुसत म्हणाला, "पण नाव तुझं. नाव तू द्यायचं."

इतकी वर्षं व्हर्नाने हे ठरवून ठेवलं होतं. 'व्हर्नाची टेकडी', 'व्हर्नाची झोळी', रात्री झोप येत नसली की ती नावं लावून बघायची. आता सगळी तोंडाशी आली आणि एकही पुरेसं वाटेना. टेकडी म्हटलं तर कोण विचारणार, कसली टेकडी?

"'हॉरीचं बूड'," ती फोनमध्ये म्हणाली.

"ए, ए! नाही हां!"

"रिवाज आहे, हॉरी. बदलता येत नाही."

"अगं गावात सगळे विचारतील, हे कसलं नाव!"

"विचारतीलच," व्हर्ना म्हणाली. "आणि दर वेळी तुला सांगावं लागेल कोणाला सापडलं ते."

सकाळी वारा होताच. ती कॉलर वर करून दारात बसली होती, निळ्या मगमधल्या चहावर राखेची साय धरलेली, आणि ती तो तसाच पीत होती. डेसने विचारलं, "जरा वळवू या का परत?" ती म्हणाली, "नको, छान ऊन आहे." एवढ्यात फोन वाजला. हॉरी सकाळी कधी फोन करत नसे. डेसने तोंडभर हसून उचलला, आणि लगेच त्याचं तोंड उतरलं.

"तुलाच मागतोय," तो म्हणाला.

हॉरीला रात्रभर झोप नव्हती. खळग्यांच्या नक्की मध्ये, की जरा डावीकडे? माती मऊ होती की गारगोटीची? यंत्र आधी कसं वाजलं? आणि डॉक्टर म्हणतात ऑगस्टपर्यंत कदाचित परवानगी देतील, तेव्हा त्याचं बाक...

"तंबू आण," व्हर्ना म्हणाली. "झाडाखाली जागा आहे. हो, खुर्ची आण, पण कुठे ठेवायची ते मी सांगेन. नाही रे, गारगोटी नव्हती, आधी लाल माती लागली, मग..."

ती सांगत राहिली. मधेच मोठ्याने हसली. डेस तिच्यासमोर दोन्ही हात खिशात घालून उभा होता, एकदा फोनकडे बघत, एकदा तिच्याकडे.

"झालं का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं. "मलाही बोलायचंय त्याच्याशी."

व्हर्नाने त्याला हातानेच गप्प केलं आणि मगमधली राख बोटाने बाजूला सारली.