‘बोलून बसले’मधलं बसणं

अकोट्यात स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील रेल्वेच्या शेडमध्ये कामाला, आई चौथी शिकलेली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

गेल्या हिवाळ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातल्या ताई क्लासला यायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. पॅकिंगला होत्या, तपासणी विभागात जायचं होतं. त्याची मुलाखत इंग्रजीतून. मागच्या खेपेला त्या केबिनच्या दारातूनच परत फिरल्या होत्या. आता पुन्हा गुरुवारी बोलावणं होतं.

सोमवारी मी सराव घेतला. "तपासणीत काय करणार, सांगा."

"आय लुक आफ्टर डिफेक्ट्स."

मागे बसलेले विमा एजंट काका गुजरातीत म्हणाले, "बेन, साचवीने राखो, काम लागशे." जपून ठेवा, उपयोगी पडतील. सगळे हसले. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. शोधायचं असेल तर लुक फॉर.

ताईंनी वही मिटली. "लुक म्हणजे बघणं ना, मॅडम? मग आफ्टर लागलं की सांभाळणं, फॉर लागलं की शोधणं, हे कुठून आलं? उगाच सगळ्यांसमोर बोलून बसले."

कॉलेजात मी अशा क्रियापदांची यादी नुसती घोकली होती. पण ताईंचं शेवटचं वाक्य कानात राहिलं.

"ताई, बोललात तेव्हा उभ्या होता ना?"

"हो."

"मग बसलात कधी?"

मी फळ्यावर लिहिलं: बोलून बसले, बोलून टाकलं, बोलून घेतलं. तिन्हींतला फरक ताईंनीच सांगितला. पहिल्यात पस्तावा, दुसऱ्यात सुटका, तिसऱ्यात मनातलं सगळं सांगून झालेलं.

"अमारामां पण छे," काका म्हणाले. "बोली बेठो." म्हणजे त्यांच्यातही हेच, बोलून बसलो.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?" मी ताईंना विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? कानावर पडतं."

"इंग्रजीतही तसंच. आपल्याकडे मागून क्रियापद येतं, त्यांच्याकडे इवलासा शब्द. अर्थ जोडीचा असतो."

यादी मी बाजूला ठेवली. पुढचे दोन दिवस फक्त त्यांच्या कामातली वाक्यं, तीही मोठ्याने, पुन्हा पुन्हा. खोकं परत पाठवणं, सेंड बॅक. दबावाला बळी पडणं, गिव्ह इन.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताईंचा फोन आला. "मॅडम, त्यांनी विचारलं, माल पास करा म्हणून कुणी मागे लागलं तर काय कराल? मी म्हटलं, आय डोन्ट गिव्ह इन. आय सेंड इट बॅक."

"मग?"

"साहेबांनी फाईल मिटली. मी मनात म्हटलं, गेलं. तर म्हणाले, सोमवारपासून तपासणीला या."

नव्या कामात ताईंची पाळी संध्याकाळची आली, त्यामुळे क्लास सुटला. हजेरीपटातून त्यांचं नाव मीच कमी केलं. अशा कारणाने नाव कमी करायला मला फार बरं वाटतं.