माईंचा नवस आणि प्रकाशच्या बैठका

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पोटाचा घेर जसा आपल्याला न विचारता वाढतो, तसेच तेही साठत जातात. एक दिवस शर्टाचं बटण तुटून उडतं तेव्हा कळतं, की बरंच जमलंय! आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमधले हे किस्से तर पोटांबरोबरच साठत गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी, तिसऱ्या मजल्यावरचा प्रकाश आणि माझ्या शेजारचा सुरेश, तिघंही अंबडच्या एकाच कंपनीत शिफ्टला. तिघांनाही लहान पोरं, तिघांच्याही बायका नोकरीवर. कॉलेज रोडला जिम निघाली होती म्हणे. पण शिफ्ट, पोरांच्या शाळा आणि गिरणीतलं दळण यातून तिकडे जाणार कोण? आम्ही आपले मिसळीवर तर्री मागवायचो आणि 'उद्यापासून कमी करू' म्हणायचो.

*

बॉम्ब पडला तो प्रकाशच्या ओमच्या तिसऱ्या वाढदिवसाला.

ओम लग्नानंतर बारा वर्षांनी झालेला. त्यामुळे लाडका, आणि लाडाइतकाच वजनदार! केक कापून झाला आणि प्रकाशची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या माई, एकदम म्हणाल्या, "एक सांगायचं राह्यलं. ओमसाठी मी गडावरच्या देवीला नवस बोलले हाय. पोराला पाच वर्सं पुरी झाली की बापानं त्याला खांद्यावर घेऊन समद्या पायऱ्या चढायच्या. पोराचा पाय पायरीला लागता कामा नाय."

आम्ही गार! सप्तशृंगीच्या गडाच्या पायऱ्या! अहो, प्रकाश स्वतःच्या घरी यायचा तोच दोनदा कठड्याला टेकून. सगळ्यांनी आधी प्रकाशकडे पाहिलं, मग ओमकडे. ओम केकचा आणखी एक तुकडा उचलत होता.

"माई, आत्ताच उरकून टाकू ना!" सुरेश म्हणाला. "अजून हलका आहे तो."

"पाच म्हंजे पाच. देवीशी घासाघीस करतो का?"

 प्रकाशच्या मागच्या भिंतीवर अण्णांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, हार घातलेला फोटो होता. अण्णा कांद्याच्या लिलावात उभ्या उभ्या छातीत कळ येऊन गेले, तेव्हा प्रकाश शाळेत होता आणि अण्णांना बेचाळीसही पुरी झाली नव्हती. आता प्रकाशनं चाळिशी गाठली होती आणि चेहरा तर थेट फोटोतलाच. त्या विषयावर माई कधीच बोलत नसत.

*

सुरेश येवल्याचा. लहानपणी दोन उन्हाळे तालमीत गेला होता, तेवढ्यावर तो आमचा वस्ताद झाला.

"सामान लागत नाही, पैसा लागत नाही. जोर, बैठका आणि जागच्या जागी उड्या. घरच्या घरी!"

पहिल्या सकाळी प्रकाशनं हॉलमध्ये उड्या मारायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावर रिटायर्ड देवकाका चहा पीत होते. कपबशी थरथरली, पंखा हलला, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. भूकंपाच्या बातम्यांनी आधीच धास्तावलेले काका बनियनवरच काकूंचा दागिन्यांचा डबा काखेत मारून बाहेर पडले, ते "भूकंप! भूकंप!" ओरडतच.

पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग मैदानात! कोणाच्या अंगाला साबण, कोणाच्या हातात लाटणं. मी तर टीव्ही उचलून आणला होता. पोराला बायकोनं आणलं. त्याबद्दल घरात अजूनही बोललं जातं.

आणि मैदानात सगळ्यात पुढे, ओमला छातीशी धरून, हाफ चड्डीत घामाघूम उभा होता तो प्रकाश!

"जबरदस्त होता रे!" तो मला म्हणाला. "मी उड्या मारत होतो ना, तरी मला पायाखाली जाणवला!"

*

उड्या बंद झाल्या. बैठका सुरू झाल्या.

प्रकाशची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सातच्या एसटीनं ओझरच्या शाळेत शिकवायला जायच्या. त्यामुळे सकाळी ओम प्रकाशच्या ताब्यात. त्याला गुंतवायचं कसं? प्रकाशनं त्यालाच बैठका मोजायला बसवलं. ओमला आकडे यायचे आठपर्यंत. आठ झाले की तो मोठ्या उत्साहानं पुन्हा 'एक' म्हणायचा! बापाला वाटलं, पोरगं शिकतंय, शिकू दे. बैठका किती झाल्या, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझी आणि प्रकाशची फर्स्ट शिफ्ट. खाली कंपनीची बस हॉर्नवर हॉर्न देतेय आणि प्रकाशचा पत्ता नाही. मी वर धावलो, तर वहिनी पर्स खांद्याला लावून संडासच्या दाराशी उभ्या. चेहरा पांढराफटक.

"भाऊजी, अर्धा तास झाला. आत बसलेत आणि उठता येत नाही म्हणतायत!"

 हार्ट तर नाही? अण्णांचा फोटो डोळ्यांसमोर आला. वहिनींच्याही आला असणार, कारण त्यांनी भिंतीकडे पाहणं मुद्दाम टाळलं. माई मात्र दाराला कान लावून उभ्या होत्या.

"प्रकाश! छातीत दुखतंय का रे?" त्यांनी दारावर थाप मारून विचारलं.

आतून क्षीण उत्तर आलं, "छाती ठीक आहे गं. मांड्या गेल्या!"

आवाज ऐकून धावत आलेल्या सुरेशनं खांदा मारून कडी उखडली. काखेत हात घालून आम्ही वस्तादाच्या शिष्याला बाहेर काढलं. पुढे आठवडाभर त्या दाराला कडी नव्हती. आत जाणारा गाणं म्हणायचा.

*

आमच्या घरातला किस्सा छोटाच आहे.

प्रकाशचं पाहून मलाही चेव आला. बायको भाजी आणायला गेलीय असं बघून मी बेडरूममध्ये जोर काढायला घेतले. तिसऱ्या जोराला जमिनीवर गेलो तो वर येईना. म्हटलं, जरा पडून राहू, गार फरशी बरी वाटतेय. तेवढ्यात बायको परत आली. मला तोंड खाली करून पडलेला पाहून तिनं जी किंकाळी फोडली! बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर, आणि देवकाका पुन्हा डबा घेऊन मैदानात.

*

वर्ष गेलं. प्रकाशचा पट्टा दोन भोकं आत गेला. आता तो ओमला पाठीवर बसवून जोर काढायचा, खांद्यावर घेऊन जिना चढायचा. दिवाळीला आम्ही ओमचं वजन करायला त्याला गिरणीत नेलं, कारण आसपास मोठा काटा तिथेच होता.

ओमला काट्यावर बसवल्यावर गिरणीवाल्यानं मान वर न करताच विचारलं, "बारीक की जाड?"

"जाड!" प्रकाश हताशपणे म्हणाला. काटा बघून त्याचे डोळे पांढरे झाले होते. बाप जेवढा उतरला, जवळजवळ तेवढंच पोरगं चढलं होतं!

घरी जाऊन पाहतो तर माई ओमला तुपातला लाडू भरवतायत आणि प्रकाशच्या ताटात भाकरी, पालेभाजी आणि मूठभर मोड आलेली मटकी.

"आई, अगं निदान त्याला तरी कमी घाल! मला उचलायचंय त्याला!"

"लेकरू हाय, खाणारच. तू आपला दम वाढव."

"आणि मला लाडू?"

"नवसवाल्यानं गोड खाऊ नाय," माई म्हणाल्या. हा नियम आम्ही कोणीच आधी ऐकला नव्हता.

*

आणि मग गड.

ओमला पाच वर्षं पुरी झाली. आम्ही तिन्ही कुटुंबं निघालो. नांदुरीहून जीपनं घाट चढून वर, आणि समोर पायऱ्या. प्रकाशनं नमस्कार केला, ओमला खांद्यावर घेतलं आणि निघाला. मागे माई, त्यांच्यामागे आम्ही.

पहिला टप्पा झकास. दुसऱ्या टप्प्यात एका माकडानं ओमच्या हातातला नारळ पळवला. ओम रडत खाली उतरायला बघतोय, प्रकाश त्याच्या दोन्ही तंगड्या धरून, "पाय नको लावू रे, पाय नको!" करतोय. ते निस्तरतंय तोवर वरून आवाज आला, "पप्पा, शू!"

सगळे जागच्या जागी थबकले. आता? सुरेशनं रिकामी बाटली पुढे केली. प्रकाशनं भिंतीला पाठ टेकली, गुडघे वाकवून हवेत खुर्ची केली आणि ओमला मांडीवर उभं केलं. काम होईपर्यंत तो तसाच बसून! पाय लटपटले नाहीत. येणारे जाणारे भाविक हात जोडून 'अंबे मात की जय' म्हणत होते. कोणाला, ते मी विचारलं नाही.

शेवटची पायरी ओलांडल्यावर प्रकाशनं ओमला खाली ठेवलं आणि तिथेच बसला. त्याचा सदरा पिळून निघाला होता, पण श्वास चालू होता, नीट, सलग. मी मात्र रिकाम्या हातानं येऊन कठड्यावर आडवा झालो होतो.

"आई, फेडला बघ नवस!" प्रकाश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

माईंनी पदरानं आधी त्याचा घाम पुसला. मग हात त्याच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"देवीला मी साडीचोळी बोलले व्हते. ती बारशानंतर लगेच नेसवली."

"मग हे? खांद्यावर घेऊन?"

"हे तुला बोलले."

 वहिनींनी हातातलं पूजेचं ताट खाली ठेवलं.

"अगं आई, खोटा नवस? देवीच्या नावानं?"

"तिला आधी सांगून ठेवलं व्हतं." माईंनी हात अजून काढला नव्हता. "तुझ्या अण्णांना बेचाळीस पुरं झालं नाय. तुला मागच्या म्हैन्यात त्रेचाळिसावं लागलं. चल, ऊठ आता. रांग पुढं गेली."