अंदाजबाईंचा आकडा

ऊर्जा खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत त्या एकट्याच बसत. पूर्वी तिथे चौघं होती. दोघं निवृत्त झाली, एकाची बदली झाली आणि त्यांच्या जागा भरायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या पंधरा वर्षांत किती वीज लागेल हे सांगणं त्यांचं काम. सगळं खातं त्यांना अंदाजबाई म्हणे, तेही तोंडावर. छत्री आणायला हवी होती का, असं शिपायाने विचारलं की त्या म्हणत, "ते हवामानवाल्यांना विचार. मी फक्त पंखे मोजते."

घरी त्या एकट्याच. वीज इतकी कमी जळे की मीटर वाचायला येणाऱ्याने एकदा दार वाजवून खात्री करून घेतली होती, इथे कुणी राहतं ना म्हणून. बोलायचा दिवस म्हणजे रविवार. त्या दिवशी बसने तासभर जाऊन त्या दादाकडे जेवत. दादा कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. आईवडील गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून तो तिथे चिकटला, म्हणून धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं.

मग सरकारने नवा आराखडा करायला घेतला. ऊन, वारा आणि साठवणीच्या बॅटऱ्या यांच्यावर संध्याकाळची मागणी भागत असेल, तर दादाचं जुनं केंद्र सहा वर्षांत बंद करायचं. नाहीतर त्यापुढे आणखी पाच वर्षं चालवायचं. मागणीचा आकडा अंदाजबाईंनी द्यायचा होता.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर दादा त्यांना बसपर्यंत सोडायला निघाला. एरवी तो दारातूनच निरोप देई.

"तीन टक्के वाढव," तो म्हणाला. "लोक एसी घेतायत, गाड्यासुद्धा विजेच्या झाल्या. कोण विचारणार आहे तुला?"

"ते सगळं धरलंय, दादा."

"मग थोडं जास्त धर."

पुढचे दहा दिवस बाईंनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. कुठे चूक सापडावी अशी त्यांचीच इच्छा होती. एसीची दुकानं पालथी घातली, गाड्यांच्या नोंदण्या परत पाहिल्या. मागणी भराभर वाढणार होती, पण बॅटऱ्या वेळेत बसल्या तर भागणारही होती. आकडा जागचा हलेना. शेवटी त्यांनी होता तसाच तो सही करून वर पाठवला.

आराखडा मंजूर झाला. दादाने भांडण असं केलं नाही. पुढच्या रविवारी वहिनीचा फोन आला, आज आम्ही घरी नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी बाईंनी फोनची वाट पाहिली नाही; कपडे धुतले, खिडकीच्या काचा पुसल्या आणि दुपारी उगीचच ऑफिसात जाऊन बसल्या.

सहा वर्षांनी केंद्र ठरल्याप्रमाणे बंद झालं. दादा वहिनीला घेऊन दूर मुलाकडे राहायला गेला. हे बाईंना त्याच्या शेजारणीकडून कळलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मागणीने आजवरचे सगळे उच्चांक मोडले. बाई खिडकीशी उभ्या राहून समोरच्या इमारतींकडे पाहत होत्या. एकही दिवा गेला नाही. खात्यात कुणी त्यांचं नावही काढलं नाही; वीज गेली असती तर काढलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीला फोन लावला. उचलला दादाने.

 मग त्याने विचारलं, "काल मागणी कितीपर्यंत गेली?"

त्यांनी सांगितलं.

"तुझ्या आकड्याच्या आत?"

"आत. जेमतेम."

"म्हणजे बरोबरच होतीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "इकडे मला दिवसभर करायला काही नसतं गं."

त्यांना खूप बोलायचं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारी फोन करू?"

"कर," दादा म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला.