फिटरकाकांची हट्टी करवत

जगात काही बिघडलंच नसतं, तर आमचे फिटरकाका कुणाशी एक शब्द तरी बोलले असते का, देव जाणे! करी रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर ते एकटेच राहायचे. संपात गिरणी बंद पडली, बायको मुलांना घेऊन मालवणला गेली ती तिकडेच रमली. काकांनी मात्र गिरणीतली एकही सवय सोडली नाही. कापसाची धूळ आत जाऊ नये म्हणून ते तिथे यंत्राचं उघडं दिसेल ते भोक चिंधीनं बांधायचे. आता घरात रेडिओला चिंधी, स्टोव्हला चिंधी, दाराच्या कुलपालासुद्धा चिंधी! एकदा मी त्यांच्यासमोर जांभई दिली, तर माझ्या तोंडाकडे त्यांनी असं काही पाहिलं की मी ते घाईघाईनं मिटलं.

एकदा परळचा एक झाडं छाटणारा माणूस आपली पेट्रोलवरची करवत घेऊन आला. सुरू करायची दोरी तुटली होती, एवढंच. काकांनी तासाभरात नवी दोरी घातली, आणि तेव्हापासून करवत रुसली. झोकात सुरू व्हायची, थोडा वेळ गुरगुरायची आणि मान टाकायची. काकांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, फिल्टर झटकला. छे! बिचारा माणूस उसन्या करवतीवर दिवस काढायचा आणि रोज संध्याकाळी चौकशीला यायचा. चौकशीचा चहा झाला, चहाच्या गप्पा झाल्या. वर्षानुवर्षं मुकी असलेली ती खोली हसायला लागली. वरच्या मजल्यावरच्या काकू तर कठड्यावरून वाकून बघायच्या, "फिटर हसतोय? बरा आहे ना रे तो?"

मग एका दुपारी चहाचं तापलेलं पातेलं धरायला काकांनी हाताशी आली ती चिंधी सोडली. ती करवतीच्या टाकीच्या झाकणावरची होती. त्यानंतर करवत सुरू केली ती थांबेचना! झाकणाच्या बारीक भोकातून टाकीत हवा जायची, ती वाटच काकांनी बांधून टाकली होती. मग पेट्रोल उतरणार कुठून? काका कपाळाला हात लावून बसले. "माज्याच हातान गळो आवळलंय रे तिचो."

"राहू दे की काका अजून चार दिवस," मी म्हटलं. मला त्यांच्या संध्याकाळींची काळजी वाटत होती.

"गप रे! त्याचा पोट हा तिच्यावर."

त्याच संध्याकाळी चूक कबूल करून त्यांनी करवत दिली. माणूस खुशीत गेला आणि कामाला लागला. तो पुन्हा कशाला येतो? काकांचं दार लोटलेलं राहू लागलं. आठवडाभरानं जिन्याखाली त्यांनी मला गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे काय बिघडलेला नाय काय रे?"

मी घरी जाऊन आईचा ठणठणीत मिक्सर उचलला आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. काकांनी तो चालवून पाहिला, बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोठा दुखणा हा," ते म्हणाले. "रोज येवन बघूचा लागतला तुका."